पेसर्सचा हंगाम: शेवटच्या दोन सेकंदांआधीची सत्तेचाळीस मिनिटं

बाकावरचा बारावा

जुलै २०२५. इंडियाना पेसर्स बास्केटबॉलच्या एनबीए फायनलमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरकडून सात सामन्यांत हरले, त्याला महिना होत आला. सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) मायल्स टर्नर मिलवॉकीला गेला, सातव्या सामन्यात अकिलीस (टाचेची कंडरा) तुटलेला पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून चाली रचणारा) हॅलिबर्टन येता अख्खा हंगाम खेळणार नाही हेही संघानं जाहीर करून टाकलं. तेव्हा इंडियाना पेसर्सच्या गेल्या हंगामावर आता डोकं ठिकाणावर ठेवून लिहिता येईल. सातव्या सामन्याच्या दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसता शिमगा झाला असता.

रीलवर बास्केटबॉल बघणाऱ्यांसाठी हा हंगाम म्हणजे टायरीस हॅलिबर्टनचे चार शॉट. मिलवॉकी, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क, ओक्लाहोमा सिटी. प्रत्येक फेरीत एक, आणि दर वेळी घड्याळात दोन सेकंदही उरलेले नाहीत. त्यावरून आमच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एकाच्या मते पोरगा अवतारी, दुसऱ्याच्या मते मटका लागला. मला दोन्ही पटत नाही. तो शॉट पडायच्या आधी सत्तेचाळीस मिनिटं पेसर्सनी समोरच्या संघाला पळवून पळवून अर्धमेलं केलेलं असायचं. त्याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात आठवा. पहिल्याच सामन्यात राखीव सेंटर जेम्स वाइजमनचा अकिलीस तुटला. दहा दिवसांच्या आत दुसरा राखीव सेंटर आयझाया जॅक्सन, त्याचाही अकिलीस. नेस्मिथचा घोटा गेला, नेम्बहार्डचा गुडघा कुरकुरत होता आणि हॅलिबर्टन स्वतः हरवल्यासारखा खेळत होता. पहिल्या २५ सामन्यांत १० विजय, १५ पराभव. आदल्या वर्षी कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे ईस्टकडच्या अर्ध्या लीगच्या फायनलला) पोचलेला संघ तो हाच का, असं विचारायची वेळ आली. डिसेंबरात मायामीकडून थॉमस ब्रायंटला आणून सेंटरची फट कशीबशी बुजवली. तिथून पुढच्या ५७ पैकी ४० सामने जिंकले! एकूण ५०-३२, ईस्टमध्ये चौथा नंबर. या चाळीस विजयांचे रील कुणी बनवले नाहीत.

तरी एप्रिलमध्ये 'द अ‍ॅथलेटिक'च्या निनावी मतदानात खुद्द एनबीए खेळाडूंनी हॅलिबर्टनला 'लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेला' म्हणून पहिला नंबर दिला. सहकाऱ्यांची ही शाबासकी खिशात घालून तो प्लेऑफला (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांना) उतरला.

आता खेळायची पद्धत. समोरच्यानं बास्केट केलं की बहुतेक संघ एक श्वास घेतात. पेसर्स घेत नाहीत. बॉल जाळीतून खाली येईस्तोवर कुणीतरी तो उचलून आत फेकलेला असतो, आणि हॅलिबर्टन दोन टप्प्यांत पुढे पाठवून मोकळा. सियाकम एव्हाना अर्ध्या कोर्टाच्या पलीकडे पळतोय. बचावातही तेच. नेम्बहार्ड आणि नेस्मिथ समोरच्या पॉइंट गार्डला चौऱ्याण्णव फूट लांबून, त्याच्याच बास्केटखाली जाऊन धरतात. त्यातून दर वेळी चोरी (बॉल हिसकावणं) होते असं नाही, बहुतेकदा काहीच होत नाही. फक्त समोरच्याला बॉल आणायला चार सेकंद जास्त लागतात, दोनदा पाठ फिरवावी लागते, खांद्यावर एक धक्का जास्त बसतो. हे एका रात्रीत साठ-सत्तर वेळा झालं की चौथ्या क्वार्टरला पाय बोलायला लागतात.

टी. जे. मॅककॉनेलकडे तर मुद्दाम लक्ष द्या. वय ३३, उंची सहा फूट एक इंच, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तिथं) कुणी घेतलाच नव्हता. पेसर्सचं बास्केट झालं की गडी पाठ फिरवून परत निघाल्यासारखं करतो. समोरचा खेळाडू बेसलाइनच्या मागे उभा राहून निवांतपणे आत पास द्यायला हात वर करतो, आणि हा गर्रकन वळून मधे. बॉल ह्याच्या हातात, दोन पावलांवर बास्केट. फायनलच्या तिसऱ्या सामन्यात त्यानं असल्या उचापती करून ५ चोऱ्या केल्या, १० गुण घेतले, ५ असिस्ट (ज्यावर बास्केट होतं ते पास) दिले. बेनेडिक्ट मॅथुरिननं बाकावरून येऊन २७ गुण टाकले. ६८ सामने जिंकून आलेला संघ पेसर्सच्या राखीव खेळाडूंकडून हरला.

हे सगळं परवडतं कारण कोच रिक कार्लाइल दहा जण खेळवतो. २०११ साली डॅलसला विजेतेपद मिळवून देताना हा माणूस प्रत्येक चाल बाजूला उभा राहून हाताच्या खुणांनी सांगायचा म्हणतात. इथं त्यानं बॉल आणि डोकं दोन्ही हॅलिबर्टनच्या हवाली केलं आणि स्वतःकडे फक्त बदल्या ठेवल्या. कॉन्फरन्स फायनलला समोर न्यूयॉर्कचा कोच टॉम थिबोडो, पाच जणांना पिळून काढण्यासाठी प्रसिद्ध. मालिका संपल्यावर तीन दिवसांत त्याची नोकरी गेली.

त्या मालिकेतला पहिला सामना. २२ मेची पहाट, साडेपाच वाजता सुरू झालेला. चौथ्या क्वार्टरला तीन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, न्यूयॉर्क १४ गुणांनी पुढे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक नाचत होते. मग अ‍ॅरन नेस्मिथला काय झालं कोण जाणे, त्यानं एका क्वार्टरमध्ये ६ थ्री (रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे शॉट) टाकले. त्यातला प्रत्येक पुन्हा बघा. शॉट अवघड आहेत, पण त्याच्यावर धावून येणारा न्यूयॉर्कचा खेळाडू प्रत्येक वेळी अर्धं पाऊल उशिरा पोचतोय. मी म्हणतो ते हे अर्धं पाऊल. शेवटी हॅलिबर्टन आत घुसला, परत उलटा पळत रेषेपर्यंत आला, शॉट मारला. बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आदळून सरळ वर उडाला, वरच्या घड्याळाच्याही वर गेला आणि आत पडला. पठ्ठ्यानं लगेच गळा आवळल्याची खूण केली. १९९४ साली ह्याच मैदानात पेसर्सच्या रेजी मिलरनं न्यूयॉर्कचा चाहता स्पाइक ली याला केलेली तीच खूण, आणि मिलर त्या रात्री समालोचक म्हणून तिथंच बसलेला! मग कळलं पायाचा अंगठा रेषेवर होता, तीन नाही दोनच गुण, सामना बरोबरीत. जादा वेळेत १३८-१३५.

त्याच मालिकेतल्या चौथ्या सामन्याबद्दल कमी बोललं जातं: हॅलिबर्टन ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल), टर्नओव्हर (हातचा बॉल घालवणं) शून्य. माझ्या लेखी हंगामातला त्याचा सर्वोत्तम खेळ तो, बाकी चार शॉट गेले खड्ड्यात.

फायनलला पहिल्या सामन्यात पेसर्सनी २५ टर्नओव्हर केले. पंचवीस! शाळेच्या संघानं केले तर सर घरी पाठवतील. चौथ्या क्वार्टरमध्ये १५ नं मागे होते. पूर्ण सामन्यात एकदाही आघाडी नाही, आणि ०.३ सेकंद उरलेले असताना १११-११०. हा नशिबाचा भाग होता, मान्य. पण चौथा सामना हातातला घालवला, तो सल माझ्या मनातून जात नाही. मालिकेत २-१ नं पुढे, घरचं मैदान, तिसऱ्या क्वार्टरअखेर ८७-८०. थंडरला पूर्ण सामन्यात तीनच थ्री लागले होते. तीन! तरी ते १११-१०४ नं जिंकले, कारण शेवटच्या पाचेक मिनिटांत शे गिल्जस-अलेक्झांडर एकटा १५ गुण घेऊन गेला आणि आपल्याला फ्री थ्रोसुद्धा लागेनात. विजेतेपद त्या रात्री गेलं. सातव्या सामन्याला लोक उगाच दोष देतात.

सातव्याबद्दल मी लिहीत नाही. हॅलिबर्टनची पोटरी दुखावलेली, तीन थ्री टाकून झाले होते, पहिला क्वार्टर संपायला पाच मिनिटं, आणि तो पडला. मॅककॉनेलनं तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकट्यानं ओढायचा प्रयत्न केला. १०३-९१.

टर्नरबद्दल माझं मत कडक आहे. दहा वर्षं एका संघात काढलेल्या सेंटरला, फायनल खेळून आल्यावर नऊ दिवसांत, लक्झरी टॅक्सच्या (पगारखर्च मर्यादेबाहेर गेला की संघाला भरावा लागणाऱ्या कराच्या) हिशेबापायी जाऊ देणं म्हणजे कपाळकरंटेपणा. तुमची मतं येऊ द्या.

सायली_एस

छान लिहिलंय. बास्केटबॉल शाळेत असताना खेळले तेवढंच, पण ते 'अर्धं पाऊल उशिरा' वाचून व्हिडिओ परत लावून बघितला. खरंच तसं आहे. एक बाळबोध प्रश्न: पेसर्स आजवर एकदाही जिंकले नाहीत का?

बाकावरचा बारावा

सायली, एनबीए नाही. त्याआधी एबीए नावाची वेगळी लीग होती, तिथं १९७०, १९७२ आणि १९७३ अशी तीन विजेतेपदं आहेत. १९७६ ला एनबीएत आले. फायनल दोनच, २००० ला शाक-कोबीच्या लेकर्सकडून ४-२ नं हरले आणि आता ही. २००० ला कोच लॅरी बर्ड होता आणि त्याचा सहायक कोण? हाच कार्लाइल.

थंडरबोल्ट

लेख चांगला, पण फार एकतर्फी. मी ओकेसीवाला (ओक्लाहोमा सिटी थंडरचा), आधीच सांगतो.

पहिलं, पेसर्सच्या वाटेत कोण कोण होतं बघा. मिलवॉकीचा लिलार्ड मालिका चालू असतानाच जायबंदी. क्लीव्हलँडचे गार्लंड, मोब्ली आणि हंटर तिघंही त्या गाजलेल्या दुसऱ्या सामन्यात बाहेर. बोस्टनचा काटा न्यूयॉर्कनं परस्पर काढला, तेही टेटम पडल्यावर. दुसरं, त्या मिलवॉकीच्या पाचव्या सामन्यात ८ थ्री टाकणाऱ्या गॅरी ट्रेंटच्या हातातून साधा पास निसटून बाहेर गेला नसता तर हॅलिबर्टनला शेवटचा बॉल मिळालाच नसता. त्याचे पाय कुणी दमवले होते? हात होते ते. तिसरं, थंडरचा सरासरी गुणफरक हंगामभर १२.९ होता, एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त. १९७१-७२ च्या लेकर्सचा विक्रम मोडला. अशा संघाला सात सामने खेळायला लावलं हे कौतुकास्पद आहेच, पण 'हातातलं विजेतेपद घालवलं' हे जरा जास्तच होतंय.

बाकावरचा बारावा

थंडरबोल्ट, क्लीव्हलँडचा दुसरा सामना धरलात, चौथा का सोडलात? मोब्ली परत आला होता, गार्लंडही. मध्यंतराला स्कोअर होता ८०-३९. एक्केचाळीस गुणांची आघाडी, ६४ सामने जिंकलेल्या संघावर. ह्यात शेवटचा सेकंदही नाही आणि नशीबही नाही. आणि प्लेऑफमध्ये १५ किंवा जास्त गुणांची पिछाडी भरून काढून पाच सामने जिंकले. एकदा होतं ते नशीब, पाचदा झालं की तो धंदा.

ट्रेंटचं म्हणाल तर तिथं तुमचं बरोबर. तो पास माझ्या आजीनंही पकडला असता.

थंडरबोल्ट

पाचदा १५ नं मागे पडणं हाही धंदाच म्हणायचा मग. :)

कोलंबसकर

कोलंबस, पण ओहायोचं नव्हे, इंडियानाचं. कमिन्सचं मुख्यालय इथं आहे, त्यामुळे कोथरूडहून थेट इथं येऊन पडलेली आमच्यासारखी बरीच मंडळी आहेत. इंडियानापोलिस इथून तासाभराच्या अंतरावर, सरळ आय-६५ नं वर.

बाहेरच्याला कळत नाही ते सांगतो. हे राज्य बास्केटबॉलनं वेडं आहे, पण ते वेड पेसर्सचं नाही, शाळांचं आहे. न्यू कॅसल नावाच्या गावाची वस्ती वीस हजारांच्या आत आणि तिथल्या हायस्कूलच्या बास्केटबॉल हॉलमध्ये आठ हजारांवर माणूस बसतो. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातल्या चिमुकल्या शाळेनं राज्य अजिंक्यपद जिंकलं, ते म्हातारे लोक अजून कालचं असल्यासारखं सांगतात. शेतात मका, गॅरेजवर रिंग. पेसर्स मात्र बरीच वर्षं 'असतात आपले' या वर्गात मोडत होते. २००४ च्या नोव्हेंबरात डेट्रॉइटला प्रेक्षकांत घुसून झालेल्या मारामारीनंतर तर लोकांनी तोंडच फिरवलं होतं. तेव्हाही कोच कार्लाइलच होता, हे विसरू नका.

यंदा मे महिन्यात पहिल्यांदा बघितलं की किराणा दुकानाच्या काउंटरवरची बाई पिवळा टीशर्ट घालून आलीय आणि बिल करता करता नेम्बहार्डच्या बचावाबद्दल बोलतेय. हॅलिबर्टनबद्दल नाही, नेम्बहार्डबद्दल! इथल्या लोकांना काय आवडतं ते त्यावरून कळावं. सातव्या सामन्याला आम्ही चार मराठी घरं एका बेसमेंटमध्ये जमलो होतो, पावभाजी होती. तो पडल्यावर पावभाजी तशीच राहिली.

टर्नरच्या बाबतीत इथं लोक मालकावर भडकलेत, पण टर्नरवरही. मिलवॉकी म्हणजे चार-पाच तासांवरचा शेजारी, दोन वर्षं लागोपाठ प्लेऑफमध्ये भिडलेला. तिकडेच जायचं होतं का, असा सूर आहे. माझ्या टीममधल्या एकानं त्याची जर्सी लॉन कापताना घालायला काढली.

पोटरीचा_डॉक्टर

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त सातव्या सामन्याबद्दल लिहितो.

पोटरीत वर गॅस्ट्रोक्नेमियस आणि खाली सोलियस असे दोन मोठे स्नायू. दोन्हींच्या कंडरा एकत्र होऊन टाचेला चिकटतात, तीच अकिलीस. पोटरीचा स्नायू ताणला गेला असेल तर तो झटका सोसायला कमी पडतो, आणि उरलेला भार कंडरेवर येऊ शकतो. व्हिडिओ बघा: हॅलिबर्टन बॉल घेऊन घुसायला जातो, उजवा पाय मागे टेकतो आणि त्यावर पूर्ण अंग रेटून पुढे झेप घेतो. कुणीही धक्का दिलेला नाही. अकिलीस तुटायची ही अगदी ठरलेली हालचाल. पेशंट येऊन म्हणतात, 'मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं', वळून बघतात तर मागे कुणी नसतं.

पोटरीमुळेच तुटली असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण २०१९ ला केव्हिन ड्युरँटचं डिट्टो असंच झालं होतं. पोटरी दुखावली, महिनाभर बाहेर, फायनलच्या पाचव्या सामन्यात परत आला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये अकिलीस गेली. गंमत नव्हे, पण त्या रात्री समोर टोरांटो होतं आणि टोरांटोकडून सियाकम खेळत होता. त्यानं हे दोनदा डोळ्यांसमोर बघितलं.

मी त्याचा फिजिओ असतो तर बाहेर बसवला असता. आणि तो माझं ऐकला नसता.

सायली_एस

डॉक्टर, मग चूक कुणाची? पाचव्या सामन्यात एकही शॉट पडला नव्हता त्याचा, तेव्हाच दिसत होतं.

पोटरीचा_डॉक्टर

सायली, चूक म्हणता येणार नाही. सहाव्या सामन्यात तो त्याच पोटरीवर खेळला, १४ गुण केले, संघ १७ नं जिंकला. त्यानंतर सातव्याला कोणत्या तोंडानं थांबवणार? ऑपरेशननंतर त्यानं स्वतः लिहिलं की पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपुढचे आपले क्लब खेळाडूसुद्धा जिल्ह्याच्या फायनलला गुडघ्याला पट्टा बांधून उतरतातच की.

शून्य_गुण

लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन. एकाच प्लेऑफमध्ये तिघांचे अकिलीस तुटले आणि तिघांचाही जर्सी नंबर शून्य. मी अंधश्रद्धाळू नाही, पण पोराला शाळेत शून्य नंबर मिळाला होता तो बदलून घेतला.

वरळी सी फेस

ह्या संघाचं आणि आपलं एक नातं आहे, ते कुणीच कसं आणलं नाही? ऑक्टोबर २०१९, एनएससीआय डोम, वरळी. भारतात झालेले पहिलेवहिले एनबीए सामने, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिल्या दिवशी गॅलरीत सगळी शाळकरी पोरं बसवली होती, सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्स १३२-१३१ नं जिंकले. दुसऱ्या दिवशी तिकीटवाल्यांना प्रवेश, मी त्यातला. तोही पेसर्सनीच घेतला, आरामात. टीव्हीवर कळत नाही, पण जवळून बघितल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. बुटांची चर्र चर्र आणि खेळाडूंची एकमेकांना चाललेली अखंड आरडाओरड. टर्नर तर बचावात एक मिनिट तोंड बंद ठेवत नव्हता, डावीकडे, मागे, स्क्रीन, असं चालूच. त्याला पाहूनच मी पेसर्सवाला झालो, म्हणून तो गेल्याचं वाईट वाटतं.

आता गंमत बघा. त्या वेळी पेसर्सकडे डोमांटास सबोनिस होता. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यालाच सॅक्रामेंटोला देऊन हॅलिबर्टनला आणला. म्हणजे वरळीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन संघांच्या सौद्यातून ही फायनल आली. आणखी मागे जा: सबोनिस पेसर्सकडे आला कसा? २०१७ ला पॉल जॉर्जला ओक्लाहोमा सिटीला दिलं म्हणून. ओकेसीनं २०१९ ला तोच जॉर्ज क्लिपर्सना विकला आणि बदल्यात मिळाला गिल्जस-अलेक्झांडर, शिवाय ड्राफ्टचे पिक (खेळाडू निवडायचे हक्क), त्यातल्याच एकातून जेलन विल्यम्स. फायनलच्या पाचव्या सामन्यात ४० गुण टाकले तो. एका पॉल जॉर्जमधून दोन फायनलिस्ट निघाले, आणि जॉर्ज बिचारा स्वतः अजून फायनल खेळलेला नाही.

थंडरबोल्ट

वरळी सी फेस, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायच्या लायकीचा आहे. आणि टर्नरबद्दल आता ओकेसीवाला म्हणून निष्पक्षपणे सांगतो: फायनलमध्ये त्याला आमच्या हार्टेनस्टाइन-होल्मग्रेनसमोर शॉट लागत नव्हते. एवढे पैसे द्यायचे की नाही यावर पेसर्सनी विचार केला असेल तर त्यांना कपाळकरंटे म्हणणं मला पटत नाही. हॅलिबर्टन वर्षभर नाही, म्हणजे येतं वर्ष तसंही गेलेलं. टॅक्स कशासाठी भरायचा?

नागपाड्याचा मामू

मी शाळेच्या मुलांना शिकवतो, आमच्याकडे नागपाड्यात गल्लीतलं पोरगं चालायला लागलं की हातात बॉल येतो. मूळ मुद्द्यावर बोलतो, फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्याला त्याच्याच बास्केटपासून धरणं.

ही गोष्ट सगळे कोच तोंडानं सांगतात, करत कुणी नाही. कारण प्रेस करायला दहा पोरं तयार लागतात आणि आपल्याकडे आंतरशालेय स्पर्धेत पाचच पोरं चाळीस मिनिटं पळवतात. सहावा पोरगा पाणी आणायला. एका मोठ्या स्पर्धेत आमच्या समोरच्या संघाचा सर्वात चांगला गार्ड सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला अक्षरशः गुडघ्यावर हात ठेवून उभा होता, त्याच्या सरांना तो आळशी वाटला. ओरडले त्याच्यावर.

खो-खो खेळलेल्यांना हे पटकन कळेल. आक्रमक जोरात पळतो म्हणून गडी बाद होत नाही. खो देत देत ताजा माणूस उठत राहतो, म्हणून होतो. पेसर्स तेच करतात. ताजा नेम्बहार्ड, मग ताजा मॅककॉनेल, मग ताजा शेपर्ड, समोर न्यूयॉर्कचा ब्रन्सन मात्र तोच.

एक गोष्ट बारावा यांनी सोडली. पेसर्स प्रेस करताना चोरीसाठी उडी मारत नाहीत. नेम्बहार्डचे पाय बघा, हात नाही. बॉलवाल्याच्या छातीसमोर राहतो, त्याला फक्त बाजूच्या रेषेकडे ढकलतो. माझ्या पोरांना मी त्याचा एकच व्हिडिओ आवाज बंद करून दाखवतो आणि बॉल कुठंय ते बघू नका म्हणतो.

बाकावरचा बारावा

मामू, हे लेखात यायला हवं होतं खरं. पाय बघा, एकदम बरोबर. फायनलच्या पहिल्या सामन्याच्या शेवटी गिल्जस-अलेक्झांडरसमोर नेम्बहार्डच होता. ३८ गुण झालेला माणूस, आणि त्याचा शॉट चुकला. नेस्मिथनं रिबाउंड घेतला आणि कार्लाइलनं टाइमआउट शिल्लक असूनही मागितला नाही. हॅलिबर्टनचा शॉट सगळ्यांना पाठ आहे, त्याआधीचा हा बचाव किती जणांना आठवतो?

थंडरबोल्ट, येतं वर्ष गेलेलं म्हणून सेंटर जाऊ द्यायचा, मग २०२६ ला हॅलिबर्टन परत येईल तेव्हा त्याच्या पुढे पळणारा, बाहेरून थ्री मारणारा आणि मागे येऊन शॉट अडवणारा सेंटर कुठून आणणार? असे मोजून सात-आठ असतील जगात. पैसे वाचवले, ठीक. खेळायची पद्धत ज्या माणसावर उभी होती त्यातला एक खांब काढला. माझं मत बदलत नाही.

थंडरबोल्ट

टाइमआउटचं मात्र मानलं. आमचा सगळा बचाव तयार व्हायच्या आत बॉल अर्ध्या कोर्टाच्या पुढे आला होता. टाइमआउट घेतला असता तर डॉर्ट-करुसो दोघं ताजे होऊन समोर उभे राहिले असते आणि आम्ही जिंकलो असतो.

कोलंबसकर

येत्या हंगामाची तिकिटं इथं स्वस्त होणार अशी कुजबुज आहे. कुणी मराठी मंडळी शिकागो-सिनसिनाटीकडून येणार असाल तर कळवा, मिलवॉकी इंडियानापोलिसला येईल तो सामना धरू. टर्नरला शिट्ट्या मारायच्या की टाळ्या यावर आमच्या घरात आधीच भांडण चालू आहे. बायको टाळ्यांच्या बाजूनं आहे.

वरळी सी फेस

टाळ्या. वरळीत आला होता तो.